चरित्र पाठ : जगदीशचंद्र बोस – वायरलेसला कान देणारा शास्त्रज्ञ



आपल्या मांडव्याच्या जेट्टीवर दिवसभर बोटी येत-जात असतात. गेटवेकडून येणाऱ्या लाँच आणि कॅटमरान, भाऊच्या धक्क्यावरून गाड्या घेऊन येणारी रो-रो, शिवाय रेवस-बोडणीकडच्या मासेमारी होड्या. त्यांच्यापैकी कुणाकडे वॉकीटॉकी असतो, कुणाच्या केबिनमध्ये वायरलेस सेट असतो. तांडेल बटण दाबून बोलतो, बटण सोडतो आणि पलीकडचा आवाज खरखरत सेटमधून येतो. इथल्या मुलांना यात काही नवल वाटत नाही, कारण ती हे लहानपणापासून बघतात. पण एखादं पोर कधीतरी विचारतंच, की एवढ्या मोकळ्या समुद्रावरून आवाज येतो कसा आणि एवढ्याशा डबीला तो कळतो कसा?

आपण पटकन सांगून मोकळे होतो की रेडिओचा शोध मार्कोनीने लावला. पण मुलाने विचारलं होतं वेगळंच. कोणी शोध लावला हे त्याला नको होतं, सेटला ऐकू कसं येतं हे हवं होतं. त्या प्रश्नाच्या उत्तराकडे जायचं तर आपल्याच देशातल्या एका मास्तराची गोष्ट सांगावी लागते. त्यांचं नाव आचार्य जगदीशचंद्र बोस. झाडांना संवेदना असतात हे दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधीची काही वर्षं त्यांनी वायरलेसचा कान घडवण्यात घालवली. इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गात सांगता येईल अशा बेताने ती गोष्ट इथे मांडते आहे.

कोळ्याच्या मुलाशेजारचा बाक

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी मैमनसिंग इथे झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र बोस हे डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, म्हणजे सरकारात चांगल्या हुद्द्यावर. त्या काळात अशा घरातलं मूल इंग्रजी शाळेतच जायचं, कारण त्यावर घराची प्रतिष्ठा ठरायची. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी गावातल्या बंगाली शाळेत घातलं. आधी आपली भाषा आणि आपली माणसं कळू देत, इंग्रजी नंतर शिकता येईल, असा त्यांचा विचार होता.

त्या शाळेत जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराश्याचा मुलगा बसायचा आणि दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा मुलगा. हे दोघे त्याचे खेळगडी. पक्षी, प्राणी, पाण्यातले जीव यांच्या गोष्टी तो त्यांच्याकडून तासन्‌तास ऐकायचा. निसर्गात काय चाललंय हे शोधून काढायची ओढ आपल्याला या गोष्टींमधून लागली, असं त्यांनी पुढे मोठेपणी, जगभर नाव झाल्यावर, जाहीर भाषणात सांगितलं. हे दोघे मित्र घरी आले की जगदीशची आई तिघांना सारखंच खाऊ घालायची. त्या काळातल्या जातपातीच्या वातावरणात ही लहान गोष्ट नव्हती.

पालकहो, इथे थोडं थांबा. आपल्या किनाऱ्यावर ज्या घराला परवडतं ते घर आज मूल गाडीत बसवून लांबच्या इंग्रजी शाळेत पाठवतं. तो ज्याचा त्याचा निर्णय आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण कोळीवाड्यातलं मूल अभ्यासात मागे असतं हा समज आपण किती सहज करून घेतो! भरती-ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा, कोणतं मासळं कोणत्या महिन्यात मिळतं, हे त्या मुलाला न शिकवता येतं. बोसांच्या घडणीत अशाच एका मुलाच्या ज्ञानाचा वाटा होता, आणि तो त्यांनी स्वतः मान्य केला.

पगार न घेणारा मास्तर

पुढे कलकत्त्याला सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ नावाचे शिक्षक त्यांना भेटले. फादर लाफाँ पदार्थविज्ञान प्रयोग करून शिकवायचे. तिथेच जगदीशला प्रयोगाची गोडी लागली. 1880 मध्ये ते डॉक्टर व्हायला लंडनला गेले, पण आजारपणामुळे ते शिक्षण सोडावं लागलं. मग केंब्रिजला विज्ञान शिकले. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ त्यांचे शिक्षक होते. 1885 मध्ये ते भारतात परतले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले.

तिथे पहिलाच अनुभव कडू होता. एकाच कामासाठी युरोपीय प्राध्यापकाला जो पगार मिळे, त्याच्या दोन तृतीयांश भारतीयाला मिळायचा. नेमणूक तात्पुरती म्हणून त्याचेही अर्धे. म्हणजे गोऱ्या सहकाऱ्याला तीन रुपये, तर यांना एक. बोसांनी भांडण केलं नाही, राजीनामा दिला नाही आणि शिकवणंही थांबवलं नाही. त्यांनी फक्त पगार घेतला नाही. असं तीन वर्षं चाललं. घरावर वडिलांचं कर्ज होतं आणि 1887 मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालेलं. ओढाताण किती झाली असेल ते आपण मास्तर लोकांना वेगळं सांगायला नको. शेवटी कॉलेजला त्यांची योग्यता मानावीच लागली. त्यांना पूर्ण पगार लागू झाला, मागची थकबाकीही मिळाली आणि त्यातून वडिलांचं कर्ज फिटलं.

न्हाणीघराजवळची प्रयोगशाळा

आता आपल्या सेटकडे येऊ. 1888 च्या सुमारास जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी दाखवून दिलं होतं, की विजेच्या ठिणगीतून न दिसणाऱ्या लहरी निघतात आणि त्या हवेतून, तारेशिवाय, लांब जातात. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी त्यावर पुढचं काम केलं. त्यांचं लिखाण वाचून बोसांनी 1894 मध्ये स्वतः प्रयोग सुरू केले. कॉलेजात प्रयोगशाळा नव्हतीच. न्हाणीघरालगतची एक इवलीशी खोली मिळाली. उपकरणं त्यांनी गावठी टिनकाम करणाऱ्या कारागिराला शिकवून करून घेतली.

हर्ट्झच्या लहरी लांब होत्या, त्यामुळे मोठाली उपकरणं लागत. बोसांनी 5 मिलीमीटरच्या आसपासच्या लहरी तयार केल्या. जेट्टीवरच्या सेटची लहर साधारण दोन मीटरची असते. म्हणजे बोसांची लहर तिच्यापेक्षा जवळपास चारशे पट छोटी. एवढी छोटी लहर हाताळायला छोटी उपकरणं पुरतात, म्हणून त्यांचं सगळं सामान एका टेबलावर मावायचं. लहर गोळा करायला त्यांनी नरसाळ्यासारखा अँटेना वापरला. लहरींची दिशा तपासायला त्यांनी काय घेतलं असेल? रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक! त्याच्या पानांमध्ये टिनचे पातळ पत्रे घातले आणि उपकरण तयार. दुसऱ्या एका प्रयोगात पीळ घातलेल्या तागाच्या जुड्या वापरल्या. साहित्य नाही म्हणून प्रयोग राहिला, असं आपण म्हणतो तेव्हा हे वेळापत्रक आठवावं.

1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी लोकांसमोर प्रयोग केला. एका जागी लहर सुटली. मधल्या भिंती आणि समोर बसलेले बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर या सगळ्यांतून ती आरपार गेली आणि 75 फुटांवर पोचून तिने घंटा वाजवली, बंदुकीची दारूसुद्धा पेटवली. मार्कोनी आपलं यंत्र घेऊन इंग्लंडला गेला तो 1896 मध्ये. पण कोण पहिला हा वाद मुलांपुढे फार घोळवू नये असं मला वाटतं. मार्कोनीला संदेश लांब पाठवायचा होता, त्याचा धंदा उभारायचा होता. बोसांना लहर समजून घ्यायची होती. आणि ती समजून घ्यायची तर आधी नीट ऐकू यायला हवी.

खरी अडचण ऐकण्याची

लहर सोडणं त्या मानाने सोपं होतं. मोठी ठिणगी पाडली की लहर निघते. पण लांबवर पोचेपर्यंत ती अगदी क्षीण होते, आणि ती आली हे कळणार कसं?

तेव्हा त्यासाठी काचेच्या नळीत लोखंडाचा कीस भरत. त्याला कोहिअरर म्हणत. लहर आली की कीस एकमेकांना चिकटायचा आणि त्यातून वीज वाहायची. पण एकदा चिकटला की चिकटला. पुढची लहर ऐकायची तर नळीला टिचकी मारून कीस मोकळा करावा लागे. एक शब्द ऐकला की कान झटकायचा, मग दुसरा ऐकायचा, असा प्रकार. शिवाय कीस कधी ऐकायचा, कधी नाही. त्यात बंगालची हवा आपल्यासारखीच दमट, म्हणजे लोखंडाला गंज.

बोसांनी कीस काढून त्या जागी पोलादाच्या बारीक स्प्रिंगा बसवल्या आणि त्यांच्यावरचा दाब स्क्रूने कमी-जास्त करता येईल अशी सोय केली. ऐकणं भरवशाचं झालं. पुढे त्यांनी लोखंड, पारा आणि टेलिफोनचा कर्णा यांचा असा कान तयार केला, की तो टिचकीशिवाय आपोआप पुन्हा ऐकायला तयार व्हायचा. 1899 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे काम मांडलं गेलं. डिसेंबर 1901 मध्ये मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संदेश ऐकला, तेव्हा त्याने पाऱ्याचाच कान वापरला होता. तो बोसांच्या रचनेवरून आला होता, असं काही अभ्यासकांनी पुढे कागदपत्रांच्या आधारे मांडलं.

पण त्यांचं सगळ्यात दूरदृष्टीचं काम वेगळंच होतं. गॅलेना नावाचं शिशाचं एक चमकदार खनिज असतं. त्याच्या स्फटिकावर धातूचं टोक अलगद टेकवलं तर तोही लहर ओळखतो, हे बोसांनी दाखवलं. तो स्फटिक उजेडालाही प्रतिसाद द्यायचा, म्हणून ते त्याला कृत्रिम डोळाही समजत. अशा स्फटिकाचा गुण असा, की त्यातून वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडते.

याचा उपयोग मुलांना असा सांगता येईल. रेडिओची लहर सेकंदाला लाखो वेळा वर-खाली होते. जितकी वर तितकीच खाली, म्हणजे बेरीज शून्य. कर्ण्याच्या पडद्याला एवढ्या वेगाने हलता येत नाही, तो जागच्या जागी राहतो. पण मध्ये एका बाजूनेच उघडणारं दार बसवलं तर वरचा भाग तेवढा पुढे जातो, खालचा अडतो. मग बेरीज शून्य राहत नाही, लहरीवर लादलेला आवाज शिल्लक राहतो आणि पडदा हलतो. खाडीच्या बांधाला उघडीप असते ना, ओहोटीला पाणी बाहेर सोडणारी पण भरतीला आत न घेणारी, तसंच हे दार. पुढे 1920 च्या सुमारास घरोघरी जे स्फटिकाचे रेडिओ आले, ते याच तत्त्वावर चालत.

या शोधाचं अमेरिकन पेटंट 1904 मध्ये बोसांच्या नावावर झालं. ज्यांना आपण आज सेमीकंडक्टर किंवा अर्धवाहक म्हणतो, त्या पदार्थाच्या उपकरणाचं हे पहिलं पेटंट मानलं जातं. गंमत म्हणजे बोसांना पेटंट नकोच होतं. ज्ञान विकायची वस्तू नाही, असं त्यांचं मत. लंडनमध्ये एका नामांकित टेलिग्राफ कंपनीचा मालक पेटंटचा कागद हातात घेऊन आला, नफ्यात वाटा देऊ केला, तेव्हा त्यांनी नकार दिला. अमेरिकन पेटंट घेतलं गेलं तेही सारा बुल या स्नेही बाईंनी फार आग्रह धरला म्हणून. पुढे त्याचे पैसे वसूल करायची खटपट त्यांनी केली नाही. हे बरोबर की चूक, यावर सातवीच्या वर्गात छान चर्चा होते.

तांडेलाच्या सेटमधली चिप

आज जेट्टीवरच्या सेटमध्ये गॅलेनाचा खडा नसतो. त्या जागी सिलिकॉनची नखाएवढी चिप असते. पण सिलिकॉनही अर्धवाहकच. एका दिशेने वाहू देणारी, दुसरीकडे अडवणारी बारीक दारं तिच्यावर असंख्य असतात. ट्रान्झिस्टर 1947 मध्ये आला. तो घडवणाऱ्यांपैकी वॉल्टर ब्रॅटन यांनी, स्फटिकाने रेडिओ लहर ओळखण्याचा पहिला मान बोसांचा, हे मान्य केलं आहे.

ती चिप काय करते? अँटेनावर एकाच वेळी शेकडो लहरी आदळत असतात, कोळीवाड्याच्या बाजारातल्या गलक्यासारख्या. चिप प्रथम क्षीण लहर मोठी करते. मग स्वतः तयार केलेली एक लहर तिच्यात मिसळते, त्यामुळे आलेल्या लहरीचा वेग हाताळण्याजोगा खाली येतो. मग हवं ते चॅनेल ठेवून बाकीचा गलका गाळून टाकते. समुद्रावर संकटात सापडलेल्यांसाठी चॅनेल 16 राखलेलं आहे, त्याची वारंवारता 156.8 मेगाहर्ट्झ. शेवटी उरलेल्या लहरीची चिप सेकंदाला हजारो वेळा मोजणी करते, तिचे आकडे बनवते आणि आकडेमोड करून त्यातला आवाज किंवा निरोप वेगळा काढते.

इथे दोन प्रकार येतात. तांडेलाचं बोलणं साधारणपणे अ‍ॅनालॉग असतं. आवाज जसा हलतो, तशीच लहरीची वारंवारता किंचित वर-खाली होत राहते. चिप तो फरक मोजते आणि तसाच कर्णा हलवते. मोठ्या जहाजांवर मात्र एआयएस नावाची यंत्रणा असते. ती जहाजाचं नाव, जागा, वेग आणि दिशा ठरावीक वेळाने आपोआप पाठवत असते. हा निरोप डिजिटल, म्हणजे नुसत्या शून्य आणि एकचा, सेकंदाला 9600. त्यात बोलणं नाही, आकडेच. निरोपाच्या शेवटी एक पडताळा जोडलेला असतो, आपण गणितात ताळा करतो तसा. तो जुळला नाही तर चिप निरोप टाकून देते.

दोन्हींतला फरक मुलांना पटकन कळतो. होडी लांब गेली की अ‍ॅनालॉग आवाजात खरखर वाढत जाते, पण कान देऊन ऐकलं तर अर्धामुर्धा शब्द कळतो. डिजिटल निरोप शेवटपर्यंत स्वच्छ येतो आणि एका हद्दीनंतर एकदम बंद होतो. धुक्यात, वादळात कुणाचा जीव अडकलेला असताना यातला कोणता प्रकार बरा, हा प्रश्न वर्गाला विचारून बघा. घरी सेट वापरणारा बाबा, काका किंवा आजा असलेली मुलं याचं उत्तर आपल्यापेक्षा चांगलं देतील.

नंतरचं आयुष्य

1900 नंतर बोस हळूहळू वनस्पतींकडे वळले. वरवर विषय बदलला, पण काम तेच राहिलं. जे क्षीण आहे, ज्याची चाहूल कुणाला लागत नाही, ते टिपणारं उपकरण बनवायचं. झाडाची वाढ कित्येक पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी केलं. 30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, कलकत्त्यात त्यांनी बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली, 1920 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच 1920 मध्ये त्यांचं चरित्र प्रसिद्ध झालं. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते. म्हणजे बोसांची गोष्ट जगाला सांगणारा माणूस आपल्या समोरच्या किनाऱ्यावरच शिकवत होता. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह इथे बोस वारले.

त्यांचं मातृभाषेतलं शिक्षण वाया गेलं नाही. बंगालीत त्यांनी विज्ञानावर लेख लिहिले, 1896 मध्ये एक विज्ञानकथाही लिहिली. इंग्रजी त्यांना नंतर आलंच, आणि लंडनच्या सभा गाजवण्याइतकं आलं.

वर्गात काय करता येईल

1. काठ्यांचं कुंपण किंवा खुर्चीच्या पाठीचे उभे गज घ्या. त्यातून दोरी ओवून हलवा. दोरीची उभी लाट पार जाते, आडवी अडते. वेळापत्रकाच्या पुस्तकाने बोसांनी लहरींच्या बाबतीत हेच तपासलं होतं.
2. एका मुलाने लांबून वाक्य बोलावं, बाकीच्यांनी मध्ये गलका करावा. मग तोच निरोप टाळ्यांच्या खुणेने पाठवावा, एक टाळी म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. कोणता निरोप नीट पोचला ते लिहून काढा. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल तिथेच समजतं.
3. सेट वापरणाऱ्या एखाद्या तांडेलाला शाळेत बोलवा. एका वेळी एकानेच का बोलायचं आणि बोलून झाल्यावर ओव्हर का म्हणायचं, हे त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. मुलांनी प्रश्न मराठीत किंवा घरच्या बोलीत विचारावेत. त्या तासाला आपण मागच्या बाकावर बसायचं आणि ऐकायचं.